येलदरीची मरळ आणि क्वीन्सलँडचा जिताडा

आमच्या घराण्यात सध्या एक नवीनच विषय गाजतोय. ब्रिस्बेनचा भाचा म्हणतो, "मामा, येलदरीत बारामुंडी सोडा. मग बघा पुण्या-मुंबईचे लोक रॉड घेऊन जिंतूरला रांगा लावतात की नाही!" हे त्याने आधी मला फोनवर सांगितलं, मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, आणि तिथे नांदेडच्या मेव्हण्यांपासून ठाण्याच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी अंगठे वर केले. ज्यांनी जन्मात गळ हातात धरला नाही त्यांचे अंगठे सगळ्यात आधी वर!

तर मंडळी, एकेकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहून टाकतो. माझं मत विरुद्ध आहे. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. चहा घेऊन बसा.

आधी हा बारामुंडी कोण ते सांगतो, कारण ग्रुपवर एकाने तो 'ऑस्ट्रेलियन मासा' आहे असं ठोकून दिलंय. नाव तिकडचं आहे, क्वीन्सलँडच्या आदिवासींच्या भाषेतलं, मोठ्या खवल्यांचा मासा अशा अर्थाचं. मासा मात्र आपलाच. रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात, गोव्यात ज्याला चोणक म्हणतात आणि बंगाल्याचा जीव ज्या भेटकीवर असतो, तो हाच. पेण-अलिबागकडे पावसाळ्यात खाडीच्या पाण्यातून याची बोटभर पिल्लं धरतात, गावच्या तळ्यात आणून सोडतात आणि बारकी मासळी खाऊ घालून दीड-दोन वर्षं पोसतात. तिकडे सरकारी काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचतो, असा एक जुना विनोद आहे. (आमच्याकडे अशा वेळी गूळ-शेंगा पोचत असत. मराठवाडा मागास तो असा!)

या माशाची एक गंमत आहे आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, मजेत वाढतो, पण गोड्या पाण्यात त्याला पिल्लं होत नाहीत. अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच जावं लागतं. दुसरी गंमत म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की मादी होतो. म्हणून क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवायचा नाही असा नियम आहे, तसा १२० सेंटीमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही असाही आहे. मोठ्या असतात त्या माद्या. त्या गेल्या की वंश गेला. विणीच्या महिन्यांत, नोव्हेंबर ते जानेवारी, तिथे समुद्रात आणि खाडीत बारामुंडी धरायला बंदीच असते.

पण धरणात? धरणातल्या बारामुंडीला वीणच नाही. तिथला एकूण एक मासा हॅचरीत जन्मलेला, विकत आणलेला आणि माणसाने सोडलेला. भाचा गेला होता ते बुंडाबर्गजवळचं मोंडुरान धरण अशांपैकीच. आदल्या रात्री बुंडाबर्गला मुक्काम, पहाटे बोट, दिवसभर बुडालेल्या झाडांच्या ओंडक्यांलगत ल्युअर फेकणं (ल्युअर म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा रबराचा खोटा मासा, पाण्यातून ओढला की खऱ्यासारखा वळवळतो) आणि संध्याकाळी परत. त्याने सांगितलं की आठ तासांत तीन वेळा ठोका बसला, त्यातला एक बोटीपर्यंत आला. तो एक जवळजवळ मीटरभर! पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो म्हणे, तेव्हा काळीज तोंडात येतं. याच तलावात २०१० साली ४४ किलोंहून जास्त वजनाचा बारामुंडी गळाला लागला होता, तो जागतिक विक्रम. फोटो काढून भाच्याने आपला मासा पाण्यात सोडून दिला. ठाण्याच्या काकू अजून त्याबद्दल हळहळतायत.

आता तिथली व्यवस्था पाहा, कारण ती मला खरोखर आवडली. २००० सालापासून तिथे ठराविक धरणांवर गळ टाकायला परवाना घ्यावा लागतो, आणि त्या पैशातला मोठा भाग त्या त्या धरणात पिल्लं सोडणाऱ्या स्थानिक मंडळांना मिळतो. म्हणजे मासा हौशी माणसाच्या पैशाने येतो, हौशी माणूस तो धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. कोणाच्या ताटातलं काही जात नाही. मोंडुरानच्या काठावर जाळ्यावर पोट असलेलं गाव नाही.

येलदरीच्या काठावर आहे.

येलदरी ज्यांनी पाहिलं नाही त्या नातेवाइकांसाठी थोडक्यात. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, ९३४ दलघमी पोटाचं, पायथ्याला २२.५ मेगावॉटचं वीजघर. त्याच्या खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर. परभणीच्या नळाला येतं तेही येलदरीचंच पाणी, म्हणजे येतं तेव्हा. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरा घेतात, आणि पाणी चढलं की त्याच जागेवर जाळी लागतात. एकाच जमिनीतून आधी शेंगा आणि मग मासे. असं धरण नुसतं पर्यटनस्थळ म्हणून बघणं मला तरी जमत नाही.

मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. ठेक्याची रक्कम भरायची, कटला-रोहू-मृगळाची बोटुकली विकत आणून सोडायची, ती वर्षभर राखायची, आणि मग तंगूसच्या जाळ्यात जे येईल ते विकायचं. बहुतेकांकडे नाव नाही. थर्माकोलचे तुकडे गोणपाटात शिवून केलेला तराफा, नाहीतर ट्रकची फुगवलेली ट्यूब, त्यावर बसून हाताने वल्हवत पहाटेच्या अंधारात आत जायचं. लाइफ जॅकेट मी एकाच्याही अंगात पाहिलेलं नाही. एखाद्या साली पाऊस दगा देतो, धरण तळाला जातं, आणि सोडलेलं बीज, भरलेला ठेका सगळं चिखलात. हे लोक आणि त्यांचं बीज डोळ्यासमोर ठेवून विचार करा, की त्यात मीटरभर लांबीचा, मासळी खाणारा जिताडा सोडायचा. तो खाणार काय? संस्थेने पैसे मोजून सोडलेली बोटुकली! आणि तो पोसला गेल्यावर धरणार कोण? रॉडवाला पाहुणा. फोटो काढून सोडून देणार. म्हणजे तो पुन्हा बोटुकली खायला मोकळा. हा हिशोब भाच्याला फोनवर सांगितला तर म्हणाला, "मामा, तुम्ही फारच गणिती झालात." अरे, मास्तर आहे मी!

जिताड्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ, नाईल पर्च, व्हिक्टोरिया सरोवरात गेल्या शतकाच्या मध्यात सोडला गेला. तिथल्या शेकडो जातींचे छोटे मासे त्याच्यामुळे संपले किंवा संपत आले. जिताडा तितका घातक ठरणार नाही, कारण त्याची येलदरीत वीणच होणार नाही, हे मान्य. पण तो येलदरीत राहील याचीही खात्री नाही. २०१०-११ च्या पुरात क्वीन्सलँडचं आवूंगा धरण सांडव्यावरून वाहिलं तेव्हा हजारो बारामुंडी त्याबरोबर खाली गेले. आपल्या येलदरीचे दरवाजे उघडले की पाणी सिद्धेश्वरला जातं, तिथून पुढे गोदावरीला. एकदा सोडलेला मासा आपला राहत नाही. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी राज्यात त्याची तळी सापडतच राहतात. "फक्त एका तळ्यात ठेवू" हे वाक्य त्याही वेळी कोणीतरी म्हटलंच असेल.

शिवाय आमची थंडी! पुण्या-मुंबईकडे कोणाचा विश्वास बसत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत परभणीत कृषी विद्यापीठाचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पाणी हवेइतकं गार होत नाही हे खरं, पण उष्ण पाण्याचा तो मासा तेव्हा तोंड उघडणार नाही एवढं नक्की. आणि पर्यटक येणार नेमके नाताळच्या सुट्टीत.

असो. जिताड्याचं इथे संपवतो. खरं बोलायचं ते मरळीबद्दल, कारण ल्युअरची मासेमारी येलदरीत आणायला काही बारामुंडी लागत नाही. ती आलेली आहे. गेल्या काही वर्षांत रबरी बेडूक आणि चमकत्या दोऱ्याचे रॉड घेऊन पोरं काठाने फिरताना दिसतात, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, सवय होतेय), नांदेडची, आपली परभणीचीही. ती येतात मरळीसाठी.

मरळ म्हणजे आमच्या भागातला राजा. सापासारखं डोकं, अंगात काटा कमी, चव अशी की शेजारच्या तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमासा करून टाकलं. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला तो मान दिला. बरोबरच आहे म्हणा, परभणीला समुद्र कुठे! पाण्यातल्या हवेवर मरळीचं भागत नाही, ती वर येऊन तोंडाने हवा घेते, म्हणून बाजारात घमेल्यात तासन् तास जिवंत राहते आणि म्हणूनच महाग जाते. आणि मरळीला कोणी सोडत नाही. ठेकेदार नाही, संस्था नाही, सरकार नाही. तिचं ती बघते.

कसं बघते, ते भाच्याबरोबर गेल्या आषाढात पाहिलं. तो पंधरा दिवसांसाठी आला होता, त्यातला एक दिवस मला दिला. पहाटे परभणी सोडली, जिंतूरला पोहे-चहा, आणि ऊन वर यायच्या आत आम्ही बॅकवॉटरच्या एका फाट्यावर. पाणी नुकतं चढलेलं, काठाच्या बाभळी कमरेपर्यंत बुडालेल्या. ओळखीचे एक वयस्कर भोई तिथे जाळं सोडवत बसले होते. ते मला सर म्हणतात, त्यांचा धाकटा माझ्या वर्गात होता. मी त्यांना मामा म्हणतो. भाच्याच्या रॉडकडे बघून त्यांना हसू आवरेना. रबरी बेडूक हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा केला, दाबला, वास घेतला आणि परत दिला.

तासभर काही नाही. मग बाभळीजवळ पाणी अचानक बारीक पावसात उकळतं तसं दिसायला लागलं, ताटाएवढ्या जागेत. पाऊस मात्र नव्हता. भाच्याने लगेच ओळखलं. इंटरनेटवर त्याने बघून ठेवलं होतं. तो मरळीच्या पिल्लांचा घोळका. बोटाच्या पेराएवढी तांबूस पिल्लं, शेकड्याने, सगळी मिळून हवा घ्यायला वर येतात आणि मिळून खाली जातात. त्यांच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. त्या घोळक्यावरून बेडूक ओढला की मोठी मरळ हटकून धावते. गळवाल्यांच्या भाषेत 'हमखास जागा'.

भाच्याने रॉड मागे घेतला तसे मामा बोलले, "दादा, तिथं नगा टाकू. पिल्लावर हाय ती."

"काका, मी सोडूनच देणार आहे," भाचा म्हणाला.

"तुम्ही सोडस्तोवर तिकडं पिल्लं ऱ्हातेत व्हय? बाकीचे मासे टपूनच बसलेले असतेत." मग थोडं थांबून, "ती काय भुकेली न्हाई. तुमच्या लेकरावर कुत्रं आलं तर तुम्ही न्हाई का धावणार?"

भाच्याने रॉड खाली केला. त्याचं हे मला फार आवडलं, हे इथे लिहून ठेवतो, ग्रुपवर लिहिलं तर ताई रडायला लागेल.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. 'धरा आणि सोडून द्या' हा तिकडचा नियम चांगला आहे, पण तो तिकडच्या माशासाठी झालेला आहे. बारामुंडी लाखो अंडी घालून निघून जातो, मागे वळून बघत नाही, आणि धरणातल्याला तर तोही प्रश्न नाही. त्याला पाच मिनिटं बोटीजवळ आणून सोडलं तर त्याची पाच मिनिटं गेली, एवढंच. मरळ घोळक्यापासून पाच मिनिटं दूर गेली तर परत येईपर्यंत राखायला काही उरलेलं नसण्याची शक्यता आहे. वरून दोन्हीकडे चित्र सारखं दिसतं, तोच रॉड, तोच ल्युअर, तेच सोडणं. आणि आपण नियम उचलतो तो चित्र बघून.

यावर दोन आक्षेप मला लगेच आले, दोन्ही घरातूनच. मेव्हणे म्हणाले, भोई लोक काय मरळ सोडतात? गटारीच्या आधी बाजारात घमेली भरून मरळ असते, ती काय ब्रह्मचारी असते का? खरं आहे. मामांनाही मी विचारलं होतं. "जाळ्यात आली तर काढतोच की," असं त्यांनी सरळ सांगितलं. मी त्यांना संत ठरवायला निघालेलो नाही. बारीक आसाची जाळी टाकून बोटुकली उपसणारेही काठावर आहेत, आणि ते वाईटच करतात. पण जाळं आंधळं असतं. रॉडवाला डोळ्यांनी घोळका बघतो, ओळखतो, आणि नेमका तिथेच फेकतो, आणि तेही पोटासाठी नाही, फोटोसाठी. माझ्या लेखी या दोन गोष्टी एक नाहीत. मेव्हण्यांच्या लेखी असतील तर असोत.

दुसरा आक्षेप मुलीचा. बाबा, मग मासेमारीच कशाला, दुर्बीण घेऊन पक्षी बघा ना! त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दोरा ताठ होतो तेव्हा हाताला जे कळतं ते दुर्बिणीतून कळत नाही, एवढंच सांगू शकतो. ती म्हणाली, ते माशाला विचारा.

मला ल्युअरवाल्या पोरांचा राग नाही, उलट ती यावीत असंच वाटतं. दिवसभर उन्हात काठावर उभी राहणारी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांपेक्षा बरी. फक्त येताना त्यांना माहीत असावं की हे पाणी बेवारस नाही. ठेका असलेल्या पाण्यात गळ टाकायचा तर संस्थेची परवानगी लागायला हवी, आणि ती फुकट नसावी. संस्थेनेच दिवसाचा पास काढावा, दर त्यांनीच ठरवावा, पैसे बोटुकलीला आणि निदान तराफ्यावर जाणाऱ्यांच्या लाइफ जॅकेटला जावेत. क्वीन्सलँडकडून घ्यायचं तर हे घ्या, मासा नको. आणि आषाढ-श्रावण गळ घरात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच, धरणावरच्या हौशी लोकांनी आपल्यापुरती पाळायला काय हरकत आहे? श्रावणात नाहीतरी अर्ध्या घरांत मासा शिजत नाही. (पूर्वजांनी हे मरळीची वीण बघून ठरवलं, असलं काही मी म्हणणार नाही. पण जमून आलंय खरं.)

भीती एकच वाटते, ती सांगतो. पास सुरू झाला, पाहुणे वाढले, की काठावर कोणीतरी तंबू ठोकेल, मग रिसॉर्ट, मग पाहुण्यांच्या दोऱ्यात जाळी अडकतात म्हणून तक्रारी. आणि मग एक दिवस बंदी येईल ती जाळ्यावर. आपल्याकडे हे असंच होतं, आधी आलेला मागे ढकलला जातो. म्हणून पासाचं पुस्तक संस्थेच्याच हातात हवं, दुसऱ्या कोणाच्या नाही. येलदरीचं धरण बांधताना पाण्याखाली गेलेल्या जमिनींचा हिशोब ज्या लोकांनी दिला, त्यांच्याकडून आता पाणीही काढून घ्यायचं, तेही दोन दिवसांच्या हौसेसाठी, हे मला पटत नाही. भाच्याला हे शेवटचं पटलं. जिताड्याचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण त्याने नवीन फॉरवर्ड पाठवणं थांबवलंय.

यंदा तो डिसेंबरात येतोय. पाणी तोवर निवळलेलं असेल, पिल्लं कधीच पांगलेली असतील. मी त्याला बिनकाट्याचे गळ आणायला सांगितलेत, सोडायचा मासा कमी फाटतो. मामांशी बोलून ठेवलंय. पासाची पद्धत नसली तरी संस्थेत काय भरायचं ते भरू, पावती देतील तर घेऊ. आणि पहिली मरळ मिळाली तर ती सोडायची नाही, असं मामांनी बजावलंय. त्यांच्या घरी शिजणार आहे. काळा मसाला, चिंच, भरपूर कोथिंबीर आणि ज्वारीची भाकरी. ठाण्याच्या काकूंनी कृती मागितली होती, ती मामींनाच विचारून कळवतो. यायचं असेल त्यांनी आधी सांगा, गाडीत दोन जागा आहेत.